तिसरा नमुना

३ नोव्हेंबर

"थांब, तुझी वेणी सुटलीय."

हे वाक्य आई मला म्हणाली होती. मी आठ वर्षांची होते, दारात उभी राहून शाळेचे बूट घालत होते, आणि ती माझ्या मागे, डाव्या बाजूला होती. मी थांबले की तशीच पळाले, ते आठवत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. तिच्या तोंडचं एवढं एकच वाक्य माझ्याकडे उरलं, तेही नुसते शब्द. आवाज कधीच पुसला गेला होता. फोटो आहेत, पण फोटोतली आई बोलत नाही.

आज दुपारी मी प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपवर वाकले होते, आणि तो आवाज आला. आठवला असं लिहिणार नाही. आला.

आधी वास आला, ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवल्यासारखा. मग पोटातून काहीतरी वर चढत गेलं, झोपाळा खाली येताना होतं तसं. आणि मग वाक्य. थोडा घोगरा, घाईतला, माझ्यावर जरा वैतागलेला आवाज. इतका जवळून की मानेवर श्वास लागावा.

मी वळून पाहिलं. मागे फ्रिज, त्याच्यावर हातमोज्यांचे खोके. दुसरं काही नाही.

म्हणून ही वही काढली. कॉलेजनंतर दैनंदिनी लिहिली नव्हती. पण असं काही परत मिळालं की कुठेतरी टिपून ठेवावंसं वाटतं.

५ नोव्हेंबर

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या हॉस्टेलमधून मॅडमना फोन आला. तिथल्या दोन मुलींना एकामागून एक आकडी आली. एक जिन्यावरून पडली, तिचे पुढचे दात गेले. दोघींच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये पट्टकृमी या जंताच्या गाठी दिसल्या. गंमत म्हणजे त्यातल्या एकीने जन्मात मांस खाल्लेलं नाही.

मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, "मांस खाऊन माणसाच्या पोटात जंत होतो. डोक्यात गाठी होतात त्या दुसऱ्याच्या पोटातल्या जंताच्या अंड्यांनी. म्हणजे कुणाच्या तरी पोटात तो आहे, आणि त्या कुणाचा तरी हात या मुलींच्या ताटापर्यंत पोचतो. मला तो हात शोधून द्या."

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करायची. प्रत्येकाचे तीन नमुने, एक दिवस सोडून एक. हा जंत रोज अंडी टाकत नाही, एका नमुन्यावर विसंबलं की तो हसतो आपल्याला.

त्या सगळ्यांत माझी मावशीही आली. ती सकाळी तिथे हाताखाली मदतीला जाते. पगारासाठी थोडं आणि गप्पांसाठी जास्त. संध्याकाळी तिच्यापुढे तीन डब्या ठेवल्या.

"हे काय?"

"नमुना द्यायचाय. सगळ्यांनाच आहे."

"माझा? अगं, लहानपणी तुझं सगळं मी काढलंय. आता तू माझं काढणार? उचल त्या डब्या माझ्या ताटाजवळून."

"मावशी, तपासणी आहे."

"माझं पोट घड्याळासारखं आहे. घड्याळाची तपासणी कर जा."

खारू हसून हसून पार आडवी झाली. ही माझी लेक; दिवसभर काहीतरी कुरतडत असते म्हणून खारू. तिचे बाबा बोटीवर असतात, वर्षातले थोडेच महिने घरी. बाकी आम्ही तिघी.

शेवटी मावशीने डब्या घेतल्या. पण म्हणाली, "नाव घालू नकोस हं त्यावर." नावं नसतातच, नुसते आकडे असतात, असं सांगितलं तेव्हा कुठे शांत झाली.

८ नोव्हेंबर

मी आणि टाचणी हॉस्टेल बघायला गेलो. टाचणी म्हणजे माझा सहकारी. काडीसारखं अंग आणि वर गोल डोकं. हे नाव त्यानेच स्वतःला ठेवलंय, म्हणतो दुसऱ्यांनी ठेवण्याआधी आपणच ठेवलेलं बरं.

स्वयंपाकघर लख्ख. भांडी चकचकीत. भाज्या धुऊन जाळीवर. बायकांचे केस बांधलेले, नखं कापलेली. मला कळेना, इथे काय चुकणार?

मग मागच्या बाजूच्या, कामगारांच्या शौचालयात गेलो. बाहेर हात धुवायचं बेसिन. ओलं होतं, नुकतंच कुणीतरी वापरलेलं. शेजारी वाटीत साबण. तो मी हातात घेतला. कोरडा ठणठणीत. कडा धारदार, वर कोरलेली अक्षरं जशीच्या तशी. खाली वाटीवर धुळीचं गोल रिंगण उमटलेलं.

"ताई," टाचणी हळूच म्हणाला, "हा साबण इथे दर्शनाला ठेवलाय."

एवढ्या स्वच्छ जागेत तो एक कोरडा साबण बघून मला का कोण जाणे, शिरशिरी आली. जणू त्या वाटीत कुणीतरी डोळे मिटून पडलंय आणि सगळे त्याच्याजवळून चवड्यांवर चालतायत.

घरी येऊन हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "पाण्याने जातं की सगळं. साबण उगाच झिजतो." आमच्या घरचा खारूने आणलेला सुगंधी साबण तिने कपाटात ठेवलाय, पाहुण्यांसाठी. मी हसले. मग तिने भरवलेला घास खाल्ला. मी फोनवर टाचणीशी बोलत होते, हात मोकळा नव्हता, आणि अशा वेळी ती आजही भरवते.

१२ नोव्हेंबर

पहिल्या फेरीत काही निघालं नाही. एकाच्या पोटात गोल जंत, एकीच्या अमिबा. पट्टकृमी नाही.

आई आज परत आली. यावेळी लांब टेबलाशी, आयोडीनची बाटली हातात असताना. तोच वास, तोच झोपाळा, तेच वाक्य. डोळ्यांत पाणी आलं. टाचणी म्हणाला, "ताई, त्या कोपऱ्यात कोण आहे? परवाही तिकडेच बघत होतात."

"कोणी नाही. विचार करत होते."

"विचार करताना मानेशी काय चाळा करता? हात असा असा हलतो." त्याने करून दाखवलं. बोटं एकात एक घालून खाली खाली नेली.

मी केस कापून कितीतरी वर्षं झाली. मानेपाशी माझ्या काहीच नाही.

१४ नोव्हेंबर

दुसरी फेरी. काही नाही. मॅडम वैतागल्यात. हॉस्टेलमधल्या आणखी एका मुलीचं डोकं दुखतंय म्हणे, तिचाही स्कॅन करणार. मुली घाबरून बाहेरून डबे मागवू लागल्यात. दात गेलेली मुलगी स्वतःच्या आईला फोनवर म्हणाली, "आई, माझ्या डोक्यात कुणीतरी राहतंय." हे ऐकल्यापासून मला

थांब तुझी वेणी सुटलीय थांब तुझी थांब

वरची ओळ कधी लिहिली? अक्षर माझंच आहे, पण तिरपं, ओळीच्या बाहेर गेलेलं. पेन जमिनीवर पडलं होतं. चहावर साय धरलीय, आणि तो मी लिहायला बसताना गरम होता. डुलकी लागली असणार. फार दमलेय.

१६ नोव्हेंबर

आज वाक्य पुढे गेलं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की आईने एवढंच म्हटलं होतं. पण त्यापुढे आहे! "थांब, तुझी वेणी सुटलीय. ये इकडे." ये इकडे. नक्की ऐकलं. मग काहीतरी धातूचं आपटल्यासारखा आवाज, आणि संपलं.

जेवायला बसलो होतो तेव्हा झालं. खारू माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, तू कुणाची वेणी घालत होतीस?"

"मी?"

"हवेत. आणि ओठ असे चावत होतीस, काहीतरी खात असल्यासारखे. मी तीनदा हाक मारली."

मावशी म्हणाली, "खारू, आईला जेवू दे. दिवसभर घाणीत डोळे घालून बसते, शेवटी डोळे तरी किती चालतील?"

मी खारूला काही सांगितलं नाही. जिने आजीला पाहिलंच नाही तिला काय सांगणार, की आजी आली होती, मला जेवू दिलं नाही तिने?

१७ नोव्हेंबर

तिसरी, शेवटची फेरी. सगळ्या स्लाइड मीच पाहिल्या. टाचणीला दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

काम करता करता आई दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा थोडी जास्त वेळ. भान आलं तेव्हा मी पुढची स्लाइड लावलेली होती, आणि आधीच्या स्लाइडवर निकाल लिहिलेला होता: काही नाही. माझ्याच हाताने. काम कसं सवयीने होतं बघा, मन दुसरीकडे असलं तरी.

सगळ्यांचं सगळं कोरं. मॅडमना तसं कळवलं. घरी येताना खुशीत होते. मावशीला म्हटलं, "तुझं घड्याळ बरोबर चालतंय." ती म्हणाली, "मी काय म्हणत होते?" पण तोंड फिरवून म्हणाली, आणि ओट्यावरची जागा उगाच पुसत राहिली.

१९ नोव्हेंबर

आमच्याकडे पाहिलेल्या स्लाइडपैकी काही दुसऱ्याने परत बघायच्या असतात. टाचणी आज त्या बघत होता. बघता बघता त्याचं गुणगुणणं थांबलं.

"ताई, जरा या."

मी डोळा लावला. ते स्लाइडच्या बरोबर मध्यात होतं. कोपऱ्यात नाही, कचऱ्याखाली नाही. गोल, तपकिरी, भोवती उभ्या रेघांची जाड भिंत, आणि आत जंताच्या अर्भकाचे ते हुकासारखे बारीक काटे. शेजारी दुसरं. त्याच्या पलीकडे तिसरं. शिकाऊ पोराच्याही नजरेतून सुटलं नसतं.

"ही कोणी पाहिली?" मी विचारलं.

टाचणी माझ्याकडे न बघता म्हणाला, "सही तुमची आहे."

मग तो म्हणाला, "मी मॅडमना सांगू की तुम्ही सांगता?" त्याचा आवाज इतका मऊ होता की मला रागच आला त्याचा.

मीच सांगितलं. मॅडमनी आकडा पाहिला, कपाटातून आकडे आणि नावांचं पत्रक काढलं, नाव वाचलं आणि पत्रक उलटं ठेवलं.

"तुमच्या घरी कोण कोण जेवतं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं तो हात कुणाचा.

२० नोव्हेंबर

काल मॅडमनी आणखी विचारलं होतं, ते लिहायचं टाळलं. "स्लाइड बघताना तुमचं लक्ष कुठे होतं?" मी म्हटलं, आईची आठवण आली होती. कशी आली, विचारलं. मी सगळं सांगितलं: वास, पोटातला झोपाळा, डावी बाजू, वाक्य. सांगताना बरं वाटत होतं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

मॅडम ऐकत होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा मी रोज बघते तसा झाला, नमुना बघतानाचा.

"दर वेळी तोच वास?"

"हो."

"तेच वाक्य? त्याच बाजूने?"

मी हो म्हणत गेले. आणि म्हणता म्हणता माझाच आवाज मला लांबून ऐकू यायला लागला. एवढी वर्षं लोकांच्या आकडीच्या नोंदी वाचतेय मी. "वास येतो." "पोटातून वर चढतं." "ओठ चावतो, हाताचा चाळा करतो, हाकेला ओ देत नाही." दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्या वाक्याला ओळखलं असतं.

आम्ही जगाच्या डब्या गोळा करतो. आमची स्वतःची कधी नसते त्यात. तसा नियमच नाही.

२३ नोव्हेंबर

स्कॅन झाला. मेंदूच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. वयस्कर आहेत, बोलायला रोखठोक.

"या दोन मेलेल्या, खडे झालेत. त्या सोडा. ही बघा." उजव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला एक छोटं गोल, काळ्या पाण्याने भरलेलं, आणि त्यात एक पांढरा ठिपका. डोळ्यात बुबुळ असावं तसा. "ही जिवंत आहे. उजवीकडे बसलीय, म्हणून डावीकडून बोलते."

"ती बोलत नाही," मी म्हटलं. "आई बोलते."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, ती फक्त बटण दाबते. पेटी तुमचीच आहे."

झटके थांबवायच्या गोळ्या दिल्या, आजपासून सुरू करायच्या. जंत मारायच्या गोळ्या एक तारखेपासून, दवाखान्यात ठेवून, कारण मरताना तो सूज आणतो. दार लावता लावता म्हणाले, "आणि मुलीला तपासून घ्या."

त्या शेवटच्या वाक्यापुढे बाकीचं सगळं विसरले.

२५ नोव्हेंबर

खारूचा स्कॅन उद्या. आवाजाचं तिने माझ्या आणि टाचणीच्या फोनवरून ऐकलंय; म्हणते, "माझ्या डोक्यात निघाला तर माझाही आवाज बोलेल का? कुणाचा बोलेल?" मी तिला जवळ घेतलं.

मावशीला औषध दिलं होतं. एक वेळच्या गोळ्या, एवढंच. इतक्या वर्षांचा पाहुणा एवढ्यात निघतो. जे पडलं ते मीच प्रयोगशाळेत नेलं. मॅडम नको म्हणत होत्या. पण मला बघायचं होतं.

अंड्यावरून जात कळत नाही, तुकडा लागतो. एक तुकडा दोन काचांमध्ये दाबून खिडकीशी धरला. पांढुरका, नखाएवढा, आणि मध्ये झाडासारखं: एक खोड, दोन्ही बाजूंना थोड्या, जाड फांद्या. फांद्या थोड्या म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा जंत. डोक्यात जातो तोच. बाहेर ऊन होतं, आणि त्या उन्हात ते झाड इतकं सुंदर दिसत होतं की मला भीती वाटली. हे झाड आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं उभं होतं. माझ्या ताटावर त्याची सावली होती.

घरी मावशी खुर्चीत ताठ बसली होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पांढरं काहीतरी दिसायचं कधी कधी. हलायचं." तिचे ओठ सुकले होते. "लाज वाटली गं. या वयात कुणाला सांगायचं, की माझ्या अंगातून हलणारं काहीतरी पडतं? तुला सांगायचं? तू तर दिवसभर तेच बघतेस, मला वाटलं घरी तरी तुला ते दिसू नये."

मी तिला पाणी आणून दिलं.

२६ नोव्हेंबर

खारू स्वच्छ आहे. स्वच्छ. स्वच्छ.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसून रडले. ती म्हणाली, "आई, रडायचं तर निकाल लागण्याआधी रडतात ना?"

हॉस्टेलमधल्या तिसऱ्या मुलीलाही काही नाही. दात गेलेली मुलगी औषधाने बरी होतेय. मागच्या बेसिनपाशी आता द्रव साबणाची बाटली भिंतीला ठोकलीय, आणि टाचणी रोज जाऊन ती किती उतरली बघतो. म्हणतो, "ताई, आयुष्यात पहिल्यांदाच काही संपलेलं बघून आनंद होतोय."

घरी मात्र वेगळंच. मावशीने कपाटातला सुगंधी साबण काढलाय. हात धूत राहते. पाण्याचा आवाज थांबला की वाटतं झालं, तोच परत सुरू. बोटांना चिरा पडल्यात. मी सांगितलं, "जंत गेलाय, आता तुझ्या हातात काही नाही." ती ऐकते आणि परत नळ सोडते. स्वयंपाक बंद केलाय. स्वतःचं ताट वेगळं ठेवते. खारूला जवळ येऊ देत नाही. माझ्या जवळून जाताना हात पदरात गुंडाळून, भिंतीला धरून जाते.

साबण अर्धा झाला. घर त्या वासाने भरलंय. इस्त्रीचा वास येतो तेव्हाच काय तो हा वास लपतो.

हो, येतो अजून. इथे खोटं कशाला लिहू? झटक्यांच्या गोळ्यांची पट्टी पर्समध्ये तशीच आहे. वाक्य अजून पुढे गेलंय. "थांब, तुझी वेणी सुटलीय. ये इकडे. आणि हे बघ..." इथे ते दर वेळी तुटतं. काय बघ? तिने मला काय दाखवायचं होतं? आणखी एकदा आलं तर कळेल. फक्त एकदा.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरांना विचारलं, जरा आडून, की ही एक गाठ तशीच ठेवली तर? काही माणसांत नाही का त्या वर्षानुवर्षं गप्प राहत?

"तुमची गप्प कुठेय?" ते म्हणाले. "आणि गोळ्या घेताय ना?"

"घेतेय."

संध्याकाळी मावशीला आवाजाबद्दल सांगितलं. आजवर नव्हतं सांगितलं. ती बेसिनशी पाठमोरी उभी होती. मी फक्त पहिलं वाक्य म्हटलं, आणि इस्त्रीच्या वासाचं.

नळ बंद झाला.

"माझ्या ताईला, तुझ्या आईला, इस्त्री कुठून झेपणार?" ती म्हणाली. "शेवटचं वर्षभर ती अंथरुणावरून उठली नाही. तुझे शाळेचे कपडे मी करायचे, सकाळी, ओले असतील तर तसेच. वेणीही मीच."

"नाही. आईच होती."

"बरं," मावशी म्हणाली, आणि नळ परत सुटला.

तिचं वय झालंय. माणसं या वयात दुसऱ्याच्या आठवणी आपल्या म्हणून सांगतात. शिवाय मावशीचा आवाज मला रोज ऐकू येतो. तो असा नाही. तो थकलेला आहे, जाड आहे. माझ्या कानातला आवाज तरुण बाईचा आहे.

२९ नोव्हेंबर

मावशी स्वयंपाक करत नाही म्हणून मीच दूध तापवायला ठेवलं होतं. खारू शेजारी उभी राहून शाळेतलं काहीतरी सांगत होती. वास आला. मी खूश झाले, हे लिहायलाच हवं, की मी खूश झाले. डोळे मिटले आणि वाट बघितली. थांब. वेणी. ये इकडे. आणि हे बघ...

डोळे उघडले तेव्हा भांडं कोळशासारखं काळं होतं, गॅस बंद होता, आणि खारू कोपऱ्यात उकिडवी बसली होती. तिच्या मनगटावर लाल चट्टा. माझी बाही बर्नरवर गेली होती, ती तिने ओढून काढली होती.

"मी हाका मारत होते," ती म्हणाली. "किती वेळ. तू वळलीस पण. पण त्या बाजूला. मी या बाजूला होते, आई."

मावशी दारात उभी होती. धावत आली होती, आणि उंबऱ्यावर अडली होती, दोन्ही हात वर धरून, जणू हातांना आग लागलीय. पोरीला उचलायला तिचे हात पुढे येत होते आणि मागे जात होते.

मी खारूचा हात नळाखाली धरला. मग पर्समधून पट्टी काढली आणि पहिली गोळी घेतली. पाणी खारूनेच दिलं.

३० नोव्हेंबर

काल रात्रीपासून काही नाही. वास नाही, झोपाळा नाही. डावी बाजू नुसती डावी बाजू आहे. कानाच्या मागे रिकामं घर असावं तसं वाटतं, ज्यातलं सामान अजून हलवायचंय. ते उद्यापासून हलवतील. सकाळी दवाखान्यात जायचंय. पिशवी भरून दाराशी ठेवलीय.

खारूचा चट्टा फिका होतोय. ती माझ्या उजव्या बाजूलाच बसते आता, मुद्दाम.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात आहे, आणि ती कामावरची आहे. एका नमुन्यावरून निकाल देऊ नये. माझ्याकडे आवाजाचा एक नमुना आहे, तो आता परत मिळणार नाही. पडताळायला दुसरा हवा. मावशीला मी फक्त पहिलं वाक्य सांगितलं होतं. "ये इकडे" सांगितलं नाही. "आणि हे बघ" तर या वहीखेरीज कुणालाच माहीत नाही. ती स्वतःहून ते म्हणाली, तर मला ओळखता येईल. आवाज थकलेला असो, जाड असो.

आणि मग ते तुटलेलं पुढचंही कळेल.

ती नाही म्हणेल. माझ्या डोक्याच्या जवळपासही येत नाही ती. सकाळी म्हणाली, "माझ्या हातून झालं ते पुरे, आता तोंडून काही नको." डब्या नाकारल्या होत्या तेव्हा ती हसत होती, म्हणून शेवटी दिल्या. यावेळी हसणार नाही. मान हलवेल, नळ सोडेल.

तरी उद्या निघताना, पिशवी उचलायच्या आधी, मी विचारणार आहे. शब्द इथे लिहून ठेवते, म्हणजे तोंडात अडखळणार नाहीत:

"मावशी, मी दारात पाठमोरी उभी राहते, बूट घालते. तू माझ्या मागे ये, डाव्या बाजूला. तुझे ते हात माझ्या केसांना लागू देत, केस आखूड आहेत तरी. आणि त्या दिवशी तू मला काय म्हणाली होतीस, ते सगळं, शेवटपर्यंत, एकदा म्हण."